माळव्यावरची लाल दोरी

भूगोलाच्या विभागप्रमुखांनी आमच्या सरांना फसवलं. सरांनी उमेदीची सगळी वर्षं घालून माळव्याचा उंचसखल उठावाचा नकाशा घडवला होता. प्रमुखांनी त्यावर स्वतःचं नाव लावलं, तेही सर समोर बसलेले असताना. नकाशाचा सौदा माझ्या तोंडून झाला होता, त्यामुळे या प्रकरणाचा साक्षीदार मी आहे आणि फिर्यादीही मीच आहे.

मी कापडाचा व्यापारी. देवास गेटला माझं दुकान आहे. भैरवगढच्या छापाच्या चादरी, जाजमं, ओढण्या विकतो. वडील तारखात्यात नोकरीला होते म्हणून आमचं घर उज्जैनला आलं. ते अचानक गेले आणि मला कॉलेज अर्ध्यावर सोडावं लागलं. खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार हिंडलो, मग फळी टाकली, मग दुकान घेतलं. कुणी हात दिला नाही. मी तापट आहे असं गावात म्हणतात. ते खरं आहे. भावात मी कुणाला हार जात नाही, तेही खरं आहे. पण एकदा हो म्हटलं की माल फाटका निघाला तरी मी शब्द फिरवत नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कॉलेजात होतो तेव्हा सर आम्हाला भूगोल शिकवत. साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला उंच, हडकुळा माणूस. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट. अशा बुटांवर कोट कुणी घालत नसे, म्हणून मागून पोरं हसत. रविवार आला की सर आम्हाला शहराबाहेर काढत. भर उन्हात चालवत नेत आणि प्रत्येकाला जागा वाटून देत. तू त्या टेकडीवर जा, तू ओढ्याच्या वळणाशी जा. जिथं पाठवलं तिथली मूठभर माती रुमालात बांधून आणायची.

मी एकदा टेकडी चढायचा कंटाळा केला आणि पायथ्याची माती बांधून आणली. सरांनी गाठ सोडली, माती बोटांत चुरली आणि माझ्याकडे बघितलं.

"ही खालची आहे."

"सर, दिसायला तर सारखीच आहे."

"तुला सारखी दिसते. पाण्याला सारखी नाही. परत जा."

"सर, ऊन किती झालंय! पुढच्या रविवारी दोन टेकड्यांची आणतो ना. चालेल?"

"भाजी घेतोयस का रे? जा, वर जा."

मी चरफडत परत गेलो. माझ्याशी घासाघीस न करता मला हरवणारा तो एकच माणूस मला भेटला.

ही माती नकाशासाठी होती. कॉलेजच्या मागच्या खोलीत एक प्रचंड टेबल होतं. त्यावर सर पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवत. जमीन जितकी उंच तितके थर जास्त. वरून कागदाचा लगदा आणि चुना, आणि सगळ्यात वर त्या त्या ठिकाणची खरी माती. काळी, भुरी, तांबूस. दक्षिणेकडे विंध्याची कड, तिथून उत्तरेला उतरत गेलेला सगळा माळवा. नद्यांच्या जागी खोल चर ठेवले होते आणि त्यांना आतून लाखेचा हात दिला होता. वर्गात सर झारी घेत आणि विंध्याच्या कडेवर पाणी सोडत. ते पाणी आपणहून शिप्रेच्या चरात शिरायचं, उज्जैनला वळसा घालून वर जायचं, चंबळेला मिळायचं आणि टेबलाच्या उत्तरेच्या टोकाला ठेवलेल्या घमेल्यात पडायचं. कुठं पाणी थबकलं तर सर आम्हाला विचारत, "इथली माती कुणी आणली?" ज्यानं आणली असेल त्याला पुढच्या रविवारी परत जावं लागे.

तेव्हा संस्थानं होती. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं नकाशा बघितला आणि विचारलं, "सरहद्दी कुठं आहेत? प्रत्येक दरबारच्या मुलुखाला वेगळा रंग द्या." माळव्यात हे काम सोपं नव्हतं. देवासात तर रस्त्याच्या अलीकडे एक संस्थान आणि पलीकडे दुसरं. सर म्हणाले, "झारीतलं पाणी कुठल्या दरबारचं, ते आपण मला सांगा. मग रंग देतो." अधिकारी चिडून गेला. सरांची बढती अडली. त्यांनी रंग लावला नाही.

मग स्वातंत्र्य आलं. संस्थानं गेली, मध्यभारत झाला. कॉलेजच्या भिंतींवरचे सगळे छापील नकाशे खोटे ठरले. ते उतरवून गुंडाळून ठेवले आणि नवे आणले. ते जुने होतात न होतात तोच राज्यांची पुनर्रचना झाली आणि मध्यभारतही गेला. पुन्हा नकाशे उतरले. काही गावं राजस्थानात गेली, काही तिकडून इकडे आली. शिपाई वैतागून म्हणायचा, "इस बार खूँटी ही मत ठोको, साब." या सगळ्या उलथापालथीत एकच नकाशा एक दिवससुद्धा खोटा पडला नाही. सरांचा. त्यावर कुणाची सरहद्दच नव्हती.

हे त्यांचं काम होतं. निवृत्त माणसाच्या सत्कारात म्हणतात तसं "दीर्घ आणि निष्ठावंत सेवा" एवढंच ते नव्हतं.

पुनर्रचनेच्या धांदलीत सर निवृत्त झाले. त्याच सुमारास कॉलेजच्या मागच्या खोल्या कुठल्याशा सरकारी कचेरीला दिल्या गेल्या. नकाशाची खोली त्यात गेली. कचेरीच्या माणसांनी टेबल व्हरांड्यात ओढून ठेवलं. मला कळलं तेव्हा मी दुकान तसंच टाकून गेलो. विंध्यावर कुणीतरी चहाचे पेले ठेवले होते. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. हातगाडी आणली, टेबल वर चढवलं, चादरींचे गठ्ठे चारी बाजूंनी लावले आणि माळवा माझ्या गोदामात आणला. पुढं बराच काळ तो तिथंच होता. संध्याकाळी सर गोदामात यायचे, उखडलेली माती नीट करायचे आणि मला सांगायचे, "तुझ्या चादरींचा धुरळा बसतो रे यावर." मी म्हणायचो, "सर, भाडं मागत नाही, हे नशीब समजा." ते हसायचे. सरांच्या घरून काकू डब्यात काहीतरी पाठवायच्या आणि आम्ही दोघं शिप्रेच्या उगमाशी डबा ठेवून खायचो.

मग शहरात विद्यापीठ आलं. भूगोलाचा स्वतंत्र विभाग झाला आणि त्याच्या प्रमुखपदी जे आले ते सरांच्याच हाताखाली अध्यापक होते. आपल्यातलेच, मराठी. हे मुद्दाम लिहितो. गावातली आपली माणसं तेव्हा प्रत्येक गोष्टीत म्हणायची, राज्य हिंदी झालं, आता मराठी माणसाला कोण विचारतो! माझ्यापुढं ही सबब चालणार नाही. सरांना फसवणारा घरी तुमच्यासारखंच वरण-भात खात होता.

विभागाच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि दाखवायला विभागात टेबलखुर्च्यांशिवाय काही नव्हतं. प्रमुख माझ्या गोदामात आले.

"शेठ, नकाशा आम्हाला द्या. खरं तर ती कॉलेजचीच वस्तू."

"कॉलेजची होती तेव्हा त्यावर चहा ठेवत होते. आता माझ्या गोदामात आहे."

"किती घ्याल?"

"पैसे नकोत. दोन गोष्टी हव्यात. टेबलाच्या दर्शनी बाजूला दगडात सरांचं नाव कोरायचं, हा नकाशा यांनी घडवला म्हणून. आणि पडदा उघडताना सर मंचावर पाहिजेत."

"अहो, बस्स? एवढंच? पक्का."

"असं नाही. हात द्या."

आमच्या बाजारात मोठा सौदा बैलबाजारासारखा रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली असतात आणि बोटं धरून भाव ठरतो, म्हणजे भोवतीच्या माणसांना आकडा कळत नाही. बोट दाबून सोडलं की सौदा झाला. मग तो मोडायचा नसतो. मोडला तर त्या माणसाच्या हाताला पुन्हा कुणी हात लावत नाही. मी रुमाल टाकला. प्रमुखांनी हसत हसत हात आत घातला. मी एक बोट धरलं, म्हटलं हे नाव. दुसरं धरलं, म्हटलं हा मंच. त्यांनी दोन्ही वेळा दाबलं. सर तिथंच कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "तू माणसालासुद्धा बैल समजतोस." पण त्यांचा चेहरा खुलला होता. मी तो बघितला आहे.

बाजारात दोन माणसांसमोर बोललेला शब्द पुरा असतो. विद्यापीठात नसतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिथं सभेच्या कामकाजात जे नोंदवलं जात नाही ते झालेलंच नसतं. मी बाजाराचा माणूस, मी बाजारासारखा वागलो. यात माझी काही चूक आहे असं मी आजही मानत नाही. चूक हात दाबणाऱ्याची.

उद्घाटनाच्या दिवशी मी सरांना टांग्यातून घेऊन गेलो. काकूंनी कोटाला इस्त्री करवून घेतली होती. मंचावर सरांची खुर्ची नव्हती. एका कार्यकर्त्यानं त्यांना निवृत्त प्राध्यापकांच्या रांगेत बसवलं. मी उठायला लागलो तर सरांनी माझा दंड धरून ठेवला. भाषणं झाली. निवृत्तांना एकेक करून बोलावलं, शाल आणि नारळ दिला. शाली माझ्याच दुकानातून नेलेल्या. सरांबद्दल बोलणारा दोन वाक्यं बोलला आणि त्यांतल्या एकात विषयच चुकला, इतिहास म्हणाला. मग पडदा उघडला. टेबलावर दगड नव्हता. पितळेची पाटी होती. विभागप्रमुखांच्या संकल्पनेतून आणि मार्गदर्शनाखाली साकारलेला माळव्याचा नकाशा, आणि खाली त्यांचं नाव.

आणि नकाशावर सरहद्द आली होती. नव्या राज्याची हद्द दिसावी म्हणून त्यांनी उत्तरेच्या बाजूनं एक जाड लाल दोरी डिंकानं चिकटवली होती. सरळ नद्यांच्या चरांवरून.

प्रमुखांनी झारी उचलली आणि पाहुण्यांना म्हणाले, "आता आपण पाण्याचा नैसर्गिक प्रवाह पाहू." पाणी विंध्यावरून निघालं, शिप्रेत आलं, उज्जैन ओलांडलं, चंबळेला लागलं आणि लाल दोरीशी येऊन अडलं. दोरी चरात घट्ट बसली होती. पाणी साचलं, चर सोडून शेतांवर पसरलं आणि टेबलाच्या कडेवरून पाहुण्यांच्या बुटांवर गळायला लागलं. मागं कुणीतरी हसलं. प्रमुख झारी हातात धरून तसेच उभे. पाणी का अडलं हे त्यांना कळलंच नव्हतं.

सर उठले. खांद्यावर नवी शाल, एका हातात नारळ. नारळ त्यांनी माझ्याकडे दिला आणि गर्दीतून टेबलाशी गेले. वाकून त्यांनी नखानं दोरीखालचा डिंक सोडवला आणि दोरी चराएवढी वर उचलून धरली. पाणी सुटलं आणि घमेल्यात पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रमुखांसाठी. पाहुण्यांनी सरांकडे बघून विचारलं, "ये सज्जन कौन हैं?"

प्रमुख म्हणाले, "हमारे पुराने कर्मचारी हैं। रिटायर हो गए।"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सरांनीही ऐकलं. ते दोरी धरून उभेच होते.

मी नारळ हातात घेऊन पुढं धावलो. तो मी कुठं मारला असता, सांगता येत नाही. सरांनीच मला अडवलं आणि बाहेर नेलं. टांग्यात मी शिव्या देत होतो. देवास गेट आल्यावर सर म्हणाले, "नावाचं सोडून दे."

"सोडणार नाही."

"ऐक तर. नावाचं राहू दे. ती दोरी तेवढी काढायला सांग. पोरं उद्या तेच शिकतील, की पाणी तिथं थांबतं."

"सर, दोरीही काढायला लावीन आणि नावही लावीन. तुम्ही एक मागा, मी दोन घेऊन येतो. माझा धंदा आहे तो."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. पण उतरताना माझा खांदा दाबला.

दुसऱ्या दिवशी मी विभागात गेलो.

"शब्द दिला होता तुम्ही. नाव लावा आणि ती दोरी काढा."

"शेठ, समितीत तसा ठराव झालेला नाही."

"रुमालाखाली हात घातला होता!"

"शेठ," ते हळू आवाजात म्हणाले, "हा बाजार नाही. विद्यापीठ आहे."

"बाजार असता तर आज तुम्हाला कुणी ओट्यावर चढू दिलं नसतं." मी ओरडलो तेव्हा व्हरांड्यातली पोरं जमली. शिपायानं मला बाहेर आणलं. जिना उतरताना तो कुजबुजला, "शेठजी, बोले तो आप ठीक, पर जरा ज़ोर से बोल गए."

सर पुढं फार जगले नाहीत. राम घाटावर त्यांच्या मुलानं दहाव्याचे विधी केले, तेव्हा मी पायरीवर बसून होतो. समोर शिप्रा उत्तरेला वाहत होती, कुठं न अडता. त्याच आठवड्यात विभागात शोकसभा झाली. त्या पितळी पाटीसमोर उभं राहून सगळ्यांनी मौन पाळलं. मी गेलो नाही.

काही महिन्यांनी विभागाचा माणूस दुकानात आला. नकाशावर धूळ बसते, झाकायला एक मोठं कापड हवं, जुने संबंध म्हणून भेट द्याल का? मी म्हटलं, देतो. तो निघून गेल्यावर मी सायकल काढली आणि भैरवगढला गेलो. माझं कापड छापणाऱ्या नेहमीच्या छिप्याकडून सागवानाचा ठसा कोरून घेतला. सरांचं नाव आणि खाली "घडविणारे". त्याला सांगितलं, चारी काठांवर हेच छाप, वेलबुट्टी नको. त्यानं विचारलं, "कपड़ा मोटा लूँ? ढकने का है।" मी म्हटलं, पातळ घे. रंग पक्का लाव, आरपार जाऊ दे. तो समजला आणि हसला.

कापड विभागात गेलं. प्रमुखांनी काठ बघितला आणि कापड उलटं घालायला लावलं. मला हे अपेक्षितच होतं. रंग आरपार गेला होता. नाव उलट्या अक्षरांत दिसायला लागलं, चारी बाजूंनी. सुलटं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. उलटं होतं म्हणून पोरं मान वाकडी करून वाचायला लागली. एक मुलगी दुकानात ओढणी घ्यायला आली आणि मला विचारून गेली, "काका, वो कपड़े पर किनका नाम है?" मी ओढणी बाजूला ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. त्या ओढणीचा भाव मी तिला सांगितलाच नाही, तशीच दिली. असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेलं नाही.

त्यानंतर कापड विटलं की मी नवं छापून पाठवतो. ते उलटं घालतात. मी पाठवणं थांबवलेलं नाही आणि थांबवणार नाही.

आता प्रमुख स्वतः निवृत्त होत आहेत. विभागात त्यांचा फोटो लागणार आहे, स्मरणिका निघणार आहे. तिच्यात त्यांच्या कामगिरीत पहिलं नाव माळव्याच्या नकाशाचं आहे, असं मला स्मरणिकेसाठी जाहिरात मागायला आलेल्या तरुण अध्यापकानंच भोळेपणानं सांगितलं. शाली माझ्या दुकानातून हव्या आहेत. शाली मी देईन. चांगल्या देईन, निवृत्त माणसाच्या अंगावर वाईट शाल पडू नये. त्या दिवशी मी येणारही आहे, झारी घेऊन.

प्रमुखसाहेब, मंचावरून खाली या आणि टेबलाशी उभे राहा. कापड काढा. पितळी पाटी तिथंच आहे, लाल दोरीही तुम्ही पुन्हा चिकटवून घेतलीत, मी बघून आलो आहे. मी विंध्यावर पाणी सोडीन. ते चंबळेपाशी येऊन अडेल. तुमचे विद्यार्थी, तुमचे पाहुणे, सगळ्यांच्या देखत मला एवढंच सांगा: ही माती कुणी आणायला लावली, हे चर कुणी कोरले, आणि रुमालाखाली माझं बोट दोनदा दाबताना तुम्ही काय कबूल केलं होतं? कार्यवृत्तात शोधू नका. सर गेले, त्यांना आता उत्तर नको. मला हवं आहे. द्या.